मंगळवारी दोन ते चार

वोरूच्या लायब्ररीत दर मंगळवारी
मी म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतो.
बहुतेकांना नातवंडांचे फोटो हवे असतात.
लेहते कांगुर आल्या त्या माशांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन,
झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"हे सगळं वर ठेवायचंय," म्हणाल्या
आणि छताकडे बोट दाखवलं.
म्हटलं, वर काही नसतं.
ढग म्हणायची आपली पद्धत.
खरं तर कुठल्याशा बिनखिडक्यांच्या इमारतीत
पंख्यांच्या घरघरीत
दुसऱ्याच कुणाचं तरी यंत्र असतं.
"दुसऱ्याच कुणाचं," त्या म्हणाल्या.
"हेच विचारायचं होतं."

एकेक कागद स्कॅन करत बसलो.
शेताचा दाखला, शिक्का पुसट.
वडिलांचं पोस्टकार्ड, निम्म्या ओळी
दुसऱ्याच कुणीतरी शाईनं बुजवलेल्या.
मग परवाचा डॉक्टरांचा रिपोर्ट.
स्कॅनरवर कागद पालथाच घालतात,
तरी त्यांनी वरून तळहात दाबून धरला.
पडद्यावर उमटून जाईपर्यंत
मी बुटाची नाडी बांधत राहिलो.
बांधलेलीच होती.

"आईनं पुरले होते कागद," त्या मध्येच म्हणाल्या,
"एकोणपन्नासच्या मार्चमध्ये. दुधाच्या कॅनमध्ये, मेण लावून,
सफरचंदाच्या झाडाखाली.
आठ वर्षांनी परतलो तर झाडं तीन,
आणि आईला आठवेना कुठलं.
दोन खड्ड्यांत मुळंच निघाली.
तिसऱ्यात कॅन. आत पाणी.
हे वाचले तेवढे."

मी समजावलं:
आधी इथेच कुलूप घालायचं, मग पाठवायचं.
म्हणजे कंपनीच्या हाती नुसता कोंडा,
दाणे तुमच्यापाशी.
"आणि किल्ली?"
त्यांना द्यायची नाही. मलासुद्धा नाही.
"आणि विसरले तर?"
तर कुणीच उघडू शकत नाही. कंपनी नाही, सरकार नाही.
त्या हसल्या, खोकला येईस्तोवर.
"म्हणजे पुन्हा सफरचंदाचं झाड."

पासवर्डला वाढदिवस नको, मांजराचं नाव नको.
पाच शब्द, एकमेकांचे कुणी न लागणारे.
त्या एका बोटानं टाइप करू लागल्या.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
समोर एक माणूस शिडीवर पन्हळ दुरुस्त करत होता.
उतरला, शिडी हातभर सरकवली, पुन्हा चढला.
टक. टक. टक.
मन आपोआप अक्षरं मोजायला लागलं,
तेव्हा मी मुद्दाम खाकरलो
आणि आकडा हरवून टाकला.

पुढच्या मंगळवारी डबा नव्हता.
"दोन शब्द नणंदेला दिलेत, एल्फ्रीदेला," म्हणाल्या,
"तीन शेजारच्या काल्यूला.
कुंपणावरून अकरा वर्षं बोलत नाहीत दोघं.
यापेक्षा पक्कं कुलूप तुझ्याकडे आहे?"
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
पासवर्ड असा तोडून वाटत नाहीत.
"नसतील वाटत," म्हणाल्या.
"पण मी गेले की बोलावं लागेल त्यांना."

नोव्हेंबरात दोघं आली.
मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसली.
ओले कोट. एल्फ्रीदेच्या हातमोज्यात चिठ्ठी,
काल्यूची मूठ मांडीवर, अजून झाकलेली.
कुलपाची चौकट पडद्यावर उघडून ठेवली
आणि मी खिडकीकडे वळलो.
समोरची पन्हळ नीट वाहत होती.
शिडी कुणीतरी उचलून नेली होती.

बराच वेळ काही नाही.
मग पाठीमागे खुर्ची सरकली,
आणि बाई म्हणाली,
"तुझे आधी, की माझे?"